पत्ता बदलल्यास त्वरित कळवावे

मे २०२५ मधली गोष्ट आहे. पहलगामच्या हल्ल्यानंतर सीमेवर तणाव वाढला होता. ७ मे रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली, तिच्या यादीत आपल्या पुण्याचंही नाव होतं. त्याच दिवसांत वर्तमानपत्रात एक छोटी बातमी आली. केंद्र सरकारनं एक आदेश काढून लष्करप्रमुखांना अधिकार दिला होता, की प्रादेशिक सेनेतले अधिकारी आणि जवान त्यांनी गरजेनुसार कामावर बोलवावेत. प्रादेशिक सेनेच्या ३२ पायदळ पलटणींपैकी १४ पलटणी निरनिराळ्या कमांडमध्ये तैनात करायला मंजुरी मिळाली होती. आदेशाची मुदत ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर या बातमीची चर्चा निघाली. एक जण म्हणाला, "प्रादेशिक सेना म्हणजे आपली एसआरपी का?" दुसरा म्हणाला, "नाही हो, धोनी ज्यात आहे ती." तिसऱ्यानं विचारलं, "पण हे लोक एरवी असतात कुठं?" हा तिसरा प्रश्न मला फार आवडला. आजचं भाषण त्या प्रश्नापुरतंच आहे. हे लोक एरवी असतात कुठं, आणि एरवी जे कुठं तरी असतात त्यांना एका बोलावण्यावर सैनिक म्हणून उभं कसं करता येतं?

मी कवी माणूस. बंदूक हातात धरली ती जत्रेत, फुगे फोडायची. तेव्हा युद्धनीतीवर मी बोलणार नाही. पण शब्द हा माझा धंदा आहे, आणि या विषयात एक शब्द असा आहे की तो ऐकल्यापासून मला सोडत नाही. प्रादेशिक सेनेची पलटण कामावर बोलावली, की इंग्रजीत म्हणतात ती 'एम्बॉडी' झाली. म्हणजे तिला देह मिळाला. काम संपलं, माणसं घरी गेली, की ती 'डिसएम्बॉडी' झाली. आपल्याकडं राजा जनकाला विदेही म्हणत. देहात असून देहाचा नसलेला. प्रादेशिक सेनेची पलटण तशी विदेही असते. तिचं नाव असतं, क्रमांक असतो, निशाण असतं, कोठारात रायफली असतात. फक्त माणसं त्या वेळी कुठं तरी लेथ चालवत असतात, शाळेत शिकवत असतात, नाही तर शेतात उसाला पाणी देत असतात.

हिची कायदेशीर जन्मकथा थोडक्यात सांगतो. प्रादेशिक सेनेचा कायदा १९४८ चा. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या सेनेचं उद्घाटन झालं, म्हणून ९ ऑक्टोबर हा तिचा दिन. ब्रीदवाक्य 'सावधानी व शूरता'. यातला सावधानी हा शब्द आधी आलाय, याचं मला बरं वाटतं. दक्षिण कमांडच्या प्रादेशिक सेनेचं ग्रुप मुख्यालय आपल्या पुण्यातच आहे, आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीशी जोडलेली १०१ क्रमांकाची पलटणही इथलीच. कोल्हापुरात १०९ आहे. भरती होणाऱ्यासाठी वयाची अट १८ ते ४२. आणि दुसरी अट मोठी गमतीची: तुमचा आधीपासून काही तरी कामधंदा असला पाहिजे. एरवी नोकरी नाही म्हणून माणूस सैन्यात जातो. इथं नोकरी आहे म्हणूनच घेतात. ही सेना म्हणजे पोटापाण्याचं साधन नव्हे, हे ती स्वतःच सांगते.

आता, गरज नसताना सैन्य घरी पाठवायचं आणि गरज लागताच उभं करायचं, ही काही इंग्रजांनी शिकवलेली विद्या नाही. आपला दसरा दुसरं काय आहे? सीमोल्लंघन म्हणून आपण आज आपट्याची पानं वाटतो. पण सभासदाची बखर उघडून पाहा. शिवाजी महाराजांचं लष्कर पावसाळ्यात आपल्या मुलखात छावणीला येई. छावणीत धान्य, वैरण, औषधं आधीच भरून ठेवलेली असत, घोड्यांच्या पागा गवतानं शाकारलेल्या असत. दसरा झाला की कूच. आणि कूच करण्याआधी प्रत्येक लहानथोराजवळ काय काय आहे याची यादी होई. आठ महिने परमुलखात मोहीम, वैशाखात परत, आणि परत येताना त्या यादीवरून पुन्हा झडती.

आपण शाळेत हे शिस्तीचं उदाहरण म्हणून वाचतो. लुटीचा माल कुणी परस्पर घरी नेऊ नये म्हणून केलेली व्यवस्था. ते खरंच आहे. पण मला त्यात दुसरंही दिसतं. पावसाळ्यात घोडा काय खाईल याची काळजी ज्यानं उन्हाळ्यातच घेतली, त्यालाच दसऱ्याला घोडा मिळणार. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई, बारगिराला तो सरकारातून मिळे. पण दोघांचाही घोडा चार महिने नुसता उभा असायचा आणि चारा मात्र रोज लागायचा. राखीव सैन्याचा सगळा हिशेब या नुसत्या उभ्या असलेल्या घोड्याचा हिशेब आहे. पुढं सरंजामी वाढली तशी कागदावर एक आकडा आणि हजेरीच्या मैदानावर दुसरा, असं व्हायला लागलं. अमुक इतक्या स्वारांसाठी मुलूख तोडून दिलेला, आणि प्रत्यक्षात येत त्याहून पुष्कळ कमी. कागदी घोडे नाचवणं हा वाक्प्रचार आपल्या भाषेत इतका चपखल बसलाय, तो उगीच नाही.

हे आजच्या काळात कसं चालतं, ते मला पुस्तकातून कळलं नाही, आमच्या वाड्यात कळलं. भवानी पेठेत आमच्या शेजारी एक गृहस्थ राहायचे. भोसरीच्या एका कारखान्यात टर्नर. सगळा वाडा त्यांना मामा म्हणायचा, म्हणून मीही. हे मामा वर्षातून एकदा काळी पत्र्याची पेटी घेऊन गायब व्हायचे. परत यायचे ते रापलेले, केस बारीक कापलेले, आणि आठवडाभर पहाटे पाचला उठून वाड्याच्या नळाला सर्वांत आधी नंबर लावायचे. मी तेव्हा कॉलेजात होतो, नुकत्या कविता छापून यायला लागल्या होत्या. ते मला शायर म्हणत. एकदा मी विचारलं, "मामा, वर्षातून थोडे दिवस कवायत करून माणूस सैनिक होतो का?"

ते म्हणाले, "सैनिक व्हायला नाही जात आपण, शायर. झालेला सैनिक विसरू नये म्हणून जातो."

प्रशिक्षणाचं गणित साधारण असं आहे. शहरी पलटणी असतात, त्यांचं शिक्षण शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशीही होतं. चार तासांची कवायत म्हणजे एक दिवस धरतात. पहिल्या वर्षी रंगरूटाचे ३२ दिवस, पुढं दरवर्षी ३० दिवस, त्यांत १४ दिवसांचं सलग शिबिर. दुसऱ्या प्रकारच्या पलटणींना दरवर्षी दोन महिने सलग जावं लागतं. या काळात पगार नि भत्ते नियमित सैनिकाप्रमाणे. शिकवायला आणि कारभार पाहायला नियमित सैन्यातला थोडा कायम वर्ग असतो. कोताची किल्ली, म्हणजे शस्त्रागाराची, त्यांच्याकडं. रायफल तेलपाणी करून ठेवणं, तंबू वाळवणं, गाडीची बॅटरी उतरू न देणं, ही कामं वर्षभर चालू असतात. तंबूला बुरशी लागली तर ती शिबिराच्या आदल्या दिवशी कळून उपयोग नसतो.

शिबिरात काय होतं? पहिले दिवस तर नुसते शरीर जागं करण्यात जातात. मग गोळीबार. मामांनी मला एक गोष्ट समजावून सांगितली होती. प्रत्येक माणसाची नजर, खांदा, श्वास वेगळा, म्हणून रायफल त्या माणसाला जुळवून घ्यावी लागते. त्याला ते 'झीरो करणं' म्हणत. एकाची झीरो केलेली रायफल दुसऱ्याच्या हाती नेमकी लागत नाही. वर्षभर लेथवर राहिलेल्या हाताला ते पुन्हा सापडायला वेळ लागतो. पण त्यांच्या मते शिबिराचा सर्वांत मोठा उपयोग गोळीबाराचा नव्हताच. आपल्या सेक्शनमधला कोण रात्री घोरतो, कुणाला चढावर दम लागतो, कोण भिडस्त आहे आणि तहान लागली तरी पाणी मागत नाही, हे कळणं. नियमित पलटणीत ही ओळख रोजच्या सहवासात आपोआप होते. इथं ती मुद्दाम वर्षातून एकदा उजळावी लागते.

आणि यादी! मामा त्या यादीबद्दल बोलायला लागले की मला आमच्या मासिकाच्या वर्गणीदारांची यादी आठवायची. तिच्यात निम्मे पत्ते चुकीचे. प्रादेशिक सेनेत तसं चालत नाही. नाव, रक्तगट, घरचा पत्ता, नोकरीचा पत्ता, जवळचा नातेवाईक, वैद्यकीय वर्ग, हे सगळं ताजं असावं लागतं. वाडा पडायला आला तेव्हा मामा हडपसरला राहायला गेले. रेशनकार्डावरचा पत्ता बदलायला त्यांना दीड वर्ष लागलं. पण पलटणीला कार्ड त्यांनी सामान हलवलं त्याच दिवशी टाकलं होतं. टपालपेटीपर्यंत मी बरोबर होतो. म्हणालो, "मामा, उद्या टाकलं असतं तरी चाललं असतं." म्हणाले, "बोलावणं आजच आलं तर?"

हे बोलावणं त्यांच्या सबंध नोकरीत तसं आलंच नाही. १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिल पेटलं तेव्हा त्यांनी पेटी भरली. मामींनी शेंगदाण्याचे लाडू केले. पेटी दोन महिने दाराच्या मागं तशीच उभी. लाडू पोरांनी संपवले. जुलैच्या अखेरीस युद्ध संपल्यावर एका रविवारी मामांनी पेटी उघडली, कपडे उन्हात टाकले, घडी घालून परत ठेवले. ते काही बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही. ज्या माणसाला बोलावलं गेलं नाही त्याच्याविषयी वर्तमानपत्रात काही येत नाही. धोनी २०१९ साली विश्वचषकानंतर क्रिकेटमधून रजा घेऊन प्रादेशिक सेनेच्या पॅराशूट पलटणीबरोबर काश्मीरमध्ये पंधरा दिवस राहिला, त्याचे फोटो आपण पाहिले. बरंच झालं, त्यामुळे टपरीवरच्या माणसाला निदान नाव तरी माहीत होतं. पण अशी सेना तगून राहते ती दाराच्या मागं उभ्या असलेल्या पेट्यांवर.

या सगळ्यात एक माणूस असा आहे की जो गणवेश घालत नाही, कवायत करत नाही, तरी त्याच्यावाचून ही तयारी होऊच शकत नाही. तो म्हणजे मालक. कारखान्याचा, दुकानाचा, कचेरीचा. प्रादेशिक सेनेच्या कायद्यात लिहिलंय, की नोकर सेवेसाठी गेला आणि परत आला, तर मालकानं त्याला पूर्वीपेक्षा वाईट नसलेल्या अटींवर पुन्हा कामावर घेतलं पाहिजे. घ्यायला अडचण असेल तर ठरवून दिलेल्या अधिकाऱ्यापुढं बाजू मांडावी. त्या अधिकाऱ्याचा हुकूमही मोडला तर एक हजार रुपयांपर्यंत दंड आणि सहा महिन्यांच्या पगाराइतकी भरपाई. १९४८ साली एक हजार रुपये ही मालकाला बोचणारी रक्कम होती. आज एक हजार रुपयांत चार माणसांचं एका वेळचं जेवणही धड होत नाही. कलमाच्या मागचा हेतू शाबूत आहे, पण त्याचा दात पडलाय.

अर्थात मालक काढून टाकत नाहीत. ते दुसरं करतात. मामांच्या कारखान्यातला टाइम ऑफिसचा कारकून दरवर्षी पलटणीचं पत्र हातात घेऊन म्हणायचा, "काय, निघाले का सहलीला?" ते परत येईपर्यंत चांगलं मशीन दुसऱ्याला दिलेलं असायचं. बढतीच्या वेळी 'उपलब्धता' असा शेरा यायचा. यातलं काहीही कायद्याच्या कलमात पकडता येत नाही. मामा हे सांगताना चिडत नसत. मी मात्र आजही चिडतो. जो समाज २६ जानेवारीला स्पीकरवर देशभक्तीची गाणी लावतो, त्यानं आपल्या टर्नरला रजा देताना इतका हात आखडता का घ्यावा?

हा प्रश्न आता आणखी अवघड झालाय. गेल्या काही दशकांत अनेक पायदळ पलटणी काश्मीर आणि ईशान्य भारतात वर्षानुवर्षं तैनात राहिल्या. 'वर्षातून थोडे दिवस' या कल्पनेवर उभी राहिलेली सेना प्रत्यक्षात जवळजवळ पूर्णवेळ झाली. निवृत्तिवेतन हवं असेल तर जवानाला अशी प्रत्यक्ष सेवा पंधरा वर्षं भरावी लागते, अधिकाऱ्याला वीस. आता मालकाच्याही बाजूनं पाहा. दोन महिन्यांची रजा ठीक आहे. दोन वर्षांची जागा रिकामी कशी ठेवणार? मोठी सरकारी कंपनी ठेवू शकते. दहा कामगारांचं वर्कशॉप नाही ठेवू शकत.

सरकारी उपक्रमांनी तर त्यांच्याच माणसांच्या पलटणी केल्या. त्यांना विभागीय पलटणी म्हणतात. आपल्या नागपूरजवळ कामठीला इंडियन ऑइलच्या कर्मचाऱ्यांची अशी एक पलटण आहे. युद्धात किंवा मोठ्या अडचणीत तेलाचा पुरवठा तुटू नये हे तिचं काम. इथं तयारीचा अर्थच बदलतो. डेपोचा माणूस रोज जे करतो तेच त्यानं गणवेश घालून करायचं. त्याची रोजची नोकरी हीच त्याची कवायत. रेल्वेच्याही अशा पलटणी उभारलेल्या होत्या. आणि त्यांची गोष्ट काढली की मला १९७४ आठवतं. म्हणजे ऐकलेलं, वाचलेलं. ८ मे १९७४ ला जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली रेल्वेचा तो प्रचंड संप सुरू झाला. सुमारे १७ लाख कामगार, वीस दिवस. गाड्या चालवण्यासाठी रेल्वेच्या प्रादेशिक पलटणी बोलावल्या गेल्या. आता त्या माणसाची कल्पना करा. काल संध्याकाळपर्यंत तो ज्यांच्याबरोबर एका डब्यातली भाकरी खात होता ते फाटकाबाहेर घोषणा देतायत, आणि हा फाटकाच्या आत, अंगावर गणवेश, हातात तेच वाफेचं इंजिन. हुकूम पाळला तर मित्रांशी बेइमानी, न पाळला तर शपथेशी. हा प्रसंग कुणी मराठी कादंबरीत आणला नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

बंदूक कुणाच्या हाती द्यायची, हा प्रश्न या सेनेच्या मुळाशीच आहे. इंग्रजांच्या काळात याच पुण्यात पूना व्हॉलंटियर रायफल्स नावाची स्वयंसेवक पलटण होती. तिच्यात गोरे आणि अँग्लो-इंडियन. आपल्या माणसांना प्रवेश नाही. काँग्रेसच्या दुसऱ्याच अधिवेशनात, १८८६ मध्ये कलकत्त्याला, हिंदी लोकांनाही स्वयंसेवक सैनिक होऊ द्या असा ठराव झाला होता. आज आपल्याला वाटेल, परक्या सरकारच्या पलटणीत जायची ही काय मागणी? पण त्यामागं एक साधा अपमान होता: नोकरी म्हणून शिपाई व्हायला चालतं, नागरिक म्हणून नाही. १९१७ साली महायुद्ध अंगावर आल्यावर इंडियन डिफेन्स फोर्सची दारं हिंदी लोकांना उघडली, आणि लोकमान्य टिळकांनी पुण्यात तरुणांना त्यात जाण्याचं आवाहन केलं. १९२० मध्ये इंडियन टेरिटोरियल फोर्स आली, पण गोऱ्यांसाठी वेगळी ऑक्झिलियरी फोर्स ठेवूनच. मग स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ मध्ये, छात्रसेनेचा विचार करायला समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष पंडित हृदयनाथ कुंझरू, म्हणजे गोखल्यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष. छात्रसेना आणि प्रादेशिक सेना या दोन्हींचे कायदे १९४८ चे, ही मला नुसती तारखांची जुळणी वाटत नाही. नव्या राज्यानं आपल्या नागरिकाला पहिल्यांदाच म्हटलं, की ये, तुझं नाव लिहून घेतो. शिबिरातल्या सकाळच्या हजेरीला एकापाठोपाठ एक आडनावं पुकारली जातात, जाधव, जमादार, कांबळे, कुलकर्णी, मुजावर, शेख, आणि प्रत्येक जण 'हाजिर' म्हणतो. मामांबरोबर एकदा शिबिराच्या समारोपाला गेलो होतो तेव्हा मी ते ऐकलं आहे. कविसंमेलनात इतकी मिश्र यादी मी अजून पाहिलेली नाही.

यादीत बायका मात्र नव्हत्या, पायदळात तर नव्हत्याच. कायद्यात शब्द होता 'कोणतीही व्यक्ती'. जानेवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं की कोणतीही व्यक्ती म्हणजे स्त्रीसुद्धा. सत्तर वर्षं तो शब्द तिथंच होता, कुणी तो नीट वाचला नव्हता.

बाहेरच्या जगात डोकावलं तर यादीचं आणि बोलावण्याचं महत्त्व आणखी कळतं. सप्टेंबर २०२२ मध्ये रशियानं युक्रेनच्या युद्धासाठी तीन लाख राखीव लोकांना बोलावण्याचं ठरवलं. जुन्या याद्या बाहेर काढल्या. वयस्कर, आजारी, सैन्यात कधीच न गेलेले अशा लोकांच्या दारात नोटिसा गेल्या. आठवडाभरात खुद्द राष्ट्राध्यक्ष पुतिन यांना, चुका दुरुस्त करा, असं जाहीरपणे म्हणावं लागलं. उलट फिनलंड पाहा. लोकसंख्या ५६ लाखांच्या आसपास, पण युद्धकाळात २ लाख ८० हजारांचं सैन्य उभं राहील अशी व्यवस्था. तिथं उजळणीच्या शिबिराचं पत्र माणसाला सहसा काही महिने आधी येतं, म्हणजे त्याला आणि त्याच्या मालकाला वर्षाचं नियोजन करता येतं. स्वित्झर्लंडमध्ये नागरिक-सैनिक आपली रायफल घरीच ठेवतो. पूर्वी सीलबंद डब्यात काडतुसंही घरी असत. ती परत घ्यायचं २००७ मध्ये ठरलं, कारण घरातली बंदूक घरातच वापरली जाण्याचा धोका त्यांना दिसला. हे मला महत्त्वाचं वाटतं. तयारी वाढवायची म्हणजे शस्त्र माणसाच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचं, असं नेहमीच नसतं.

आणि रेडिओवरून बोलतोय म्हणून एक रेडिओची गोष्ट. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी इजिप्त आणि सीरियानं इस्रायलवर हल्ला केला, तो ज्यूंच्या योम किप्पूरच्या दिवशी. त्या दिवशी तिथं सगळं बंद असतं, रेडिओसुद्धा मुका असतो. तो अचानक बोलायला लागला. निवेदक एकामागून एक सांकेतिक शब्द वाचत होता. प्रत्येक पलटणीचा शब्द वेगळा. ज्याचा शब्द त्यालाच कळायचा. लोक घरात किंवा प्रार्थनास्थळात होते, रस्ते मोकळे होते, म्हणून जमवाजमव उलट लवकर झाली असं म्हणतात. युद्ध कुणाचं बरोबर, कुणाचं चूक, हा आजचा विषय नाही. पण एखादा निरर्थक शब्द ऐकून माणूस ताटावरून उठतो, ही शब्दाची ताकद कवी म्हणून मला भेडसावते.

आपल्याकडं या सेनेचा एक उपयोग असा झाला की जगात तसा फारसा कुठं नसेल. माजी सैनिकांच्या पर्यावरण पलटणी. पहिली १९८२ मध्ये डेहराडूनला उभी राहिली. चुनखडीच्या खाणींनी बोडक्या झालेल्या मसुरीच्या डोंगरांवर तिनं झाडं लावली. महाराष्ट्रात २०१७ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महार रेजिमेंटशी जोडलेली १३६ क्रमांकाची पर्यावरण पलटण आली. दुष्काळी मराठवाड्यात झाडं लावायची नि जगवायची. यातला जगवायची हा भाग अवघड. लावायला तर आपले पुढारीही लावतात, जूनमध्ये, फोटोपुरती. निवृत्त जवान मात्र त्या झाडाला एप्रिल-मेमध्ये पाणी घालतो, गुरं हाकलतो, मेलेल्या रोपाच्या जागी दुसरं लावतो. ज्याला चाळिशीत घरी पाठवलं त्याच्या अंगातली शिस्त वाया न घालवण्याचा हा एक मार्ग.

आता मामांच्या नातवाचं सांगतो. तेवीस वर्षांचा आहे. आजोबांसारखं प्रादेशिक सेनेत जायचं त्याच्या मनात आहे. तो मोटारसायकलवरून घरोघर जेवणाचे डबे पोहोचवतो, मोबाइलवरच्या एका कंपनीसाठी. आजोबांना निदान टाइम ऑफिसचा टोमणा मारणारा कारकून तरी होता. याला कारकूनच नाही. कंपनी म्हणते तो आमचा नोकर नाही, भागीदार आहे. मग तो शिबिराला गेला आणि परत आला तर त्याला 'पूर्वीपेक्षा वाईट नसलेल्या अटींवर' कोण घेणार? कायदा मालकाविषयी बोलतो, आणि याचा मालक कोण हेच ठरलेलं नाही. रिक्षावाला, भाजीवाला, सुतार, गवंडी यांचं तर पहिल्यापासूनच असं होतं. दोन महिने हातगाडी बंद म्हणजे दोन महिन्यांनी ती कोपऱ्याची जागा गेलेली. पलटणीतले पगार-भत्ते हातात पडतात हे खरं, पण कोपऱ्याची जागा त्यातून विकत मिळत नाही.

मला वाटतं, दंडाचा तो हजाराचा आकडा बदलणं हे सगळ्यात सोपं काम आहे, एका दुरुस्तीचं. अवघड आहे ते या स्वतःच्या हातावर पोट असलेल्या माणसाची जागा राखून ठेवायची रीत बसवणं. महापालिकेनं फेरीवाल्याचा परवाना त्या काळात गोठवून ठेवावा. आरटीओनं रिक्षाच्या परमिटची मुदत तितकी पुढं सरकवावी. आणि मोबाइलवरच्या कंपन्यांना सांगावं, की हा मुलगा दोन महिने दिसला नाही म्हणून त्याचं गुणांकन खाली आणू नका. मामांच्या नातवाला सध्या एवढीच भीती आहे. अर्जाचा फॉर्म त्यानं भरून ठेवलाय. त्यातला 'नोकरीचा पत्ता' हा रकाना तेवढा कोरा आहे.